गुलाबरावांचं लवण

मला पाहायला आलेल्या पहिल्याच मंडळींनी विचारलं होतं, "मुलगी काय करते?" माझे वडील अमरावतीत वकिली करत. कोर्टात त्यांची जीभ कधी अडखळली नाही, पण या प्रश्नावर त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "माती तपासते." समोरचे गृहस्थ समजूतदार होते. "असू द्या, लग्नानंतर सुटेल," म्हणाले. नोकरी सुटली नाही, लग्न मात्र राहून गेलं. त्यात मातीचा काही दोष नाही. मला दोन्हींत मातीच जास्त आवडत होती, एवढंच.

मी अकोल्याच्या सरकारी मृद्‌प्रयोगशाळेत होते. मातीतला कार्बन मोजणं हे माझं काम. कार्बन म्हटलं की लोकांना कोळसा आठवतो. पण झाडं हवेतून कार्बन घेतात आणि त्याची पानं-मुळं करतात. ती मेली की मातीत कुजतात. त्यातला थोडा भाग मातीत मुरतो, बाकीचा पुन्हा हवेत निघून जातो. ही ये-जा सतत चालू असते. मुरलेला किती, हे काढायला चिमूटभर माती काचेच्या चंबूत घ्यायची, तिच्यावर नारिंगी द्रावण आणि तीव्र गंधकाम्ल ओतायचं. चंबू चटका बसेल इतका तापतो, आणि मातीत जे कधीकाळी जिवंत होतं ते जळून जातं. मग थेंबथेंब दुसरं द्रावण सोडत बसायचं. निळा रंग एका थेंबात हिरवा होतो, तो थेंब चुकवायचा नाही. माझ्या प्रत्येक पातळाला गंधकाम्लाची भोकं होती. आई म्हणायची, "वकिलाची मुलगी आणि नेसणं असं, जसं उंदरांच्या घरात राहते."

आमच्या वऱ्हाडची काळी माती ही आम्हा सगळ्यांच्या अभिमानाची गोष्ट. माझ्या चंबूत ती फारच गरीब निघायची. तिचा काळेपणा वेगळ्या कारणानं असतो, कार्बन त्यात बेताचाच. हे मी शेतकऱ्यांना सांगायची आणि ते माझ्याकडे असं पाहायचे, जणू मी त्यांच्या मुलीच्या रंगाबद्दल बोलले.

आमचे प्रमुख आपटे साहेब मूळ पुण्याचे. समुद्राकाठच्या दलदली, तिथला कुजणारा चिखल, खारं पाणी आणि त्यातून होणारी कार्बनची ये-जा हा त्यांचा जीव की प्राण. त्यांना कोकणातली नेमणूक हवी होती. सरकारनं त्यांना अकोल्याला धाडलं. काही दिवस ते नकाशापुढे खिन्न बसत. मग एक दिवस त्यांना कळलं की पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे, म्हणजे विहीर खणली तर समुद्रासारखं खारट पाणी लागतं. साहेब उठून उभे राहिले. "अहो मालतीबाई, समुद्र नसेना का. खारं पाणी आहे ना? लाटांची आपल्याला गरज नाही."

अशा रीतीनं समुद्रापासून शेकडो मैलांवर आमचा समुद्रकाठचा अभ्यास सुरू झाला.

जागा शोधायला मी भातकुलीच्या पलीकडे एका गावात गेले. गावाचं नाव सांगत नाही, का ते पुढे कळेल. मोटारीतून उतरून बैलबंडीनं जावं लागे. बाई माणूस, हातात पिशवी, पिशवीत बाटल्या, म्हणून गावानं मला आधी सुई टोचणारी बाई ठरवलं आणि सगळी मुलं दिसेनाशी झाली. पारावर गुलाबराव भेटले. गावातले मोठे शेतकरी, पांढरं धोतर, मिश्या, बोलणं तोडून. मी विचारलं, "तुमच्या शेतात लवण आहे का?" प्रयोगशाळेत लवण म्हणजे मीठ, क्षार. ते म्हणाले, "हाय नं, दाखोतो," आणि मला उन्हातून लांबवर चालवत एका खोलगट जागेत घेऊन गेले. गावात लवण म्हणजे सखल जमीन, जिथं पावसाचं पाणी साचतं. हा घोळ आमच्या दोघांत लगेच मिटला. सरकारात मात्र मिटला नाही. आमचा पहिला अहवाल मीठ उत्पादनाच्या खात्याकडे गेला आणि तिथून 'मिठागरांची संख्या कळवावी' असं उत्तर आलं.

पण त्या दिवशी दोन्ही लवणं एकाच जागी होती. खोलगट जमीन पांढरीफटक पडली होती, वर मिठाची पापडी. गुलाबरावांनी तिची हकिकत सांगितली. तिथं पूर्वी बारमाही ओल असे, पानकणीस आणि लव्हाळे माजलेले, बदकं उतरत. मग अधिक धान्य पिकवायची मोहीम आली. अधिकाऱ्यांनी सांगितलं, चर खोदा, पाणी नाल्यात काढून द्या, पडीक जमीन लागवडीला आणा. गुलाबरावांनी तालुक्यात सगळ्यांच्या आधी चर खोदला. त्यांना फेटा बांधला, हार घातला, फोटो काढला. पहिल्या वर्षी ज्वारी बरी आली. पुढं खालचं खारं पाणी वर चढत गेलं, वरून गोडं पाणी मुरायचं थांबलं, आणि जमीन मेली. काठावरची विहीर, गावातली एकुलती एक गोडी विहीर, तीही खारट झाली.

"फोटो आहे अजून?" मी विचारलं.

"हाय. पन आता त्याले भिंतीकडं तोंड करून ठुला हाय," ते म्हणाले.

आपटे साहेबांचा बेत साधा होता. चर बुजवायचा, पाणी पुन्हा साचू द्यायचं, आणि दलदल परत जिवंत होताना मातीत कार्बन किती येतो, किती जातो ते वर्षानुवर्षं मोजायचं. गुलाबराव लवकर तयार होईनात. ज्या सरकारनं चर खोदायला लावला त्याच सरकारला तो आता बुजवायचा होता. "उद्या तिसरा साहेब येईन, तो काय सांगन?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. शेवटी त्यांच्या पत्नी वत्सलाबाई घरातून बाहेर आल्या. त्या रोज पलीकडच्या गावाहून पाणी आणत होत्या. "ह्या पान्यानं डाय शिजत नाई, साबनाले फेस येत नाई. बुजवा तो चर," एवढं बोलून आत गेल्या. चर बुजला. बंदी एकच होती, प्रयोगशाळेच्या परवानगीशिवाय ती जागा नांगरायची नाही.

पहिल्या पावसाळ्यात लवण तुडुंब भरलं. पावसाळा सरला, ऊन पडलं, आणि वास सुटला. सडक्या अंड्यांचा वास. मी खूश झाले, कारण पुस्तकात असंच लिहिलं होतं. खाऱ्या चिखलात हवा पोचत नाही, तेव्हा कुजण्याचं काम वेगळे सूक्ष्म जीव करतात आणि हा वायू सोडतात. गावानं पुस्तक वाचलेलं नव्हतं. लोक नाकाला धोतराचा सोगा लावून माझ्याकडे पाहत. गुलाबरावांनी तर रागाच्या भरात अमरावतीला जाऊन हिवताप खात्यात अर्ज दिला, की आमच्या गावात घाण पाणी साचलं आहे, ते काढून द्यावं. हे मला फार नंतर कळलं.

त्याच थंडीत त्यांच्या मुलीला, सुमनला, पाहायला चांदूर बाजारचे पाहुणे आले. योगायोगानं मीही त्या दिवशी गावात होते आणि गुडघाभर चिखलात उभी राहून नमुने घेत होते. तेवढ्यात वत्सलाबाई पदर खोचून धावत आल्या. "बाई, चला लवकर. चांदी कायी पडली."

झालं होतं असं. पाहुण्यांसाठी त्यांनी आदल्या दिवशी चांदीचे पेले राखेनं लखलखीत घासून ठेवले होते. सकाळपर्यंत ते काळे ठिक्कर. तो वायू चांदीला काळं करतो, हे मला माहीत होतं, पण सांगायचं सुचलं नव्हतं. पितळेचे पेले काढेपर्यंत गुलाबरावांच्या धाकट्या भावानं त्याच काळ्या पेल्यातून पाणी नेऊन दिलं होतं. मुलाच्या वडिलांनी पेला पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाले, "पानी नको." विष असलं की चांदी काळी पडते असा समज तेव्हा सर्रास होता. ते उठले होते आणि जोडा शोधत होते. सुमन माजघराच्या दारात पोह्यांचं ताट धरून उभी होती.

मी चिखलाच्या पायांनी बैठकीत शिरले. आपण काय करतो आहोत याचा विचार केला असता तर केलं नसतं. वत्सलाबाईंकडून मी एक जर्मनचं (म्हणजे ॲल्युमिनियमचं) पातेलं, कढत पाणी आणि खायचा सोडा मागवला. पातेल्यात पाणी ओतलं, सोडा टाकला, पेले त्यात असे बुडवले की पातेल्याला टेकून राहतील. सगळे बघत राहिले. काळा रंग जणू कोणी आतून ओढून घ्यावा तसा उतरत गेला, आणि पेले पांढरे झाले. मी म्हटलं, "हा लवणातल्या हवेचा परिणाम आहे. विषबिष काही नाही. या घरानं सरकारी कामाला जागा दिली, त्याची ही शिक्षा."

मुलाच्या वडिलांचा चेहरा तसाच. पण त्यांच्याबरोबर मुलाची आत्या आली होती. तिनं आपल्या हातातला जुना चांदीचा गोट काढला, वर्षानुवर्षांचा काळवंडलेला. "हा टाकून पाहा." टाकला. उजळला. ती तो उन्हात धरून कितीतरी वेळ फिरवून फिरवून पाहत होती.

"पोरगी पसंत हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "ही बाई कोन हाय? सोबत येते का?"

लग्न झालं. सुमन सुखात नांदली, आता तिला नातवंडं आहेत, आणि चांदूर बाजारच्या मंडळींना ही गोष्ट छापून यावी असं वाटणार नाही, म्हणून गावाचं नाव गाळलं. माझं शास्त्रीय काम वऱ्हाडात सर्वमान्य झालं ते एवढंच. पुढं कितीतरी दिवस बायका मला गाठून पैंजण, निरांजनं आणि देवाची आसनं पातेल्यात बुडवायला लावत. कार्बनबद्दल कोणी विचारलं नाही.

काम चालू राहिलं. या काळात आमचं राज्य बदलत होतं. सुरुवातीचे आकडे मी मध्य प्रदेशासाठी नागपूरला पाठवले, मधले द्विभाषिक मुंबईला, शेवटचे महाराष्ट्राला. दर वेळी नवीन कचेरी विचारी, हा प्रयोग कशासाठी? आणि दर वेळी मी तेच उत्तर लिहून पाठवी. पानकणीस परत आलं. लव्हाळे आले. चिखलाचा रंग बदलला, हातात घेतला तर लोण्यासारखा लागू लागला, आणि चंबूतला आकडा दर वर्षी थोडा थोडा वर सरकू लागला. गोड्या पाण्यानं क्षार खाली ढकलले तसा वास गेला. मग एका थंडीत वत्सलाबाईंनी मला जेवायला बसवलं आणि ताटात वरण वाढून उभ्या राहिल्या. मी दोन घास खाल्ले तरी त्या हलेनात.

"कसं लागते?"

"छान."

"छान काय? शिजलं हाय का पाहा नं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डाळ मऊ होती. ते काठावरच्या विहिरीचं पाणी होतं.

त्याच सुमाराला चिखलातून मोठे बुडबुडे येऊ लागले. मी उलटी बाटली धरून ते गोळा केले, तोंडाशी काडी ओढली, तर फिकट निळी ज्योत लागली. वास गेला तसा हा दुसरा वायू आला होता, आणि तो कार्बन घेऊन बाहेर पडत होता. म्हणजे एका हातानं लवण कार्बन साठवत होतं आणि दुसऱ्या हातानं सोडत होतं. गुलाबरावांनी ज्योतीकडे पाहून विचारलं, "ह्याच्यावर चहा होते का?" मी म्हटलं, बाटल्या धरणारं अख्खं गाव लागेल. त्यांचा त्या ज्योतीतला रस संपला.

आपटे साहेबांनाही त्यात फार रस नव्हता. "मालतीबाई, वर एकच वाक्य चालतं. कार्बन वाढला." मी म्हटलं, मातीत वाढला, पण जातो किती हे मोजायला आपल्याकडे साधन नाही, तेवढं तरी लिहू. साहेबांनी ते शेवटच्या पानावर तळटीप म्हणून घातलं. टंकलेखकानं जागा नाही म्हणून तळटीप गाळली. साहेबांना पुण्याला बढती मिळाली.

आणि मग हिवताप खातं आलं. इन्स्पेक्टर कुरेशी, परतवाड्याचे, पाठीमागं कुदळी-फावडी घेतलेले मजूर. त्यांच्या हातात हुकूम होता की साचलेलं पाणी काढून द्यावं, अर्जदाराच्या तक्रारीवरून. मी माझा हुकूम दाखवला, की पाणी साचू द्यावं. दोन्हींवर एकाच सरकारचा शिक्का. कुरेशी साहेब सभ्य माणूस. दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून म्हणाले, "बाई, आता मी काय करू? अर्जदार तर गावचाच आहे." त्यांनी नाव वाचलं. गुलाबराव तिथंच उभे होते.

"तुम्हीच ना?" कुरेशींनी विचारलं.

"सही माही हाय," गुलाबराव म्हणाले. "इचार तवाचा हाय."

"पण अर्ज रद्द केला नाही तुम्ही."

"तुमी इतकी वर्सं आले नाई. मले वाटलं, तुमीच रद्द केला."

मजुरांनी कुदळी खाली ठेवल्या होत्या, पण हातात घ्यायला वेळ लागला नसता. एका दिवसात चर मोकळा झाला असता. मी पुस्तकातलं बोलत होते, कोणाला समजत नव्हतं. वत्सलाबाई विहिरीवरून घागर घेऊन आल्या आणि मजुरांना आधी पाणी पाजलं. मग कुरेशींना तांब्या दिला. ते प्यायले, थांबले, पुन्हा प्यायले. "इथलं?" त्यांनी विचारलं. वत्सलाबाईंनी मान डोलावली. त्या पट्ट्यात फिरणाऱ्या माणसाला गोडं पाणी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

कुरेशी लवणाच्या काठाशी बसले. पांढऱ्या वाडग्यात ठिकठिकाणचं पाणी घेऊन डासांच्या अळ्या शोधल्या. होत्या, थोड्या होत्या. "हे सोडून गेलो तर माझी नोकरी जाईल," ते म्हणाले, "अन हे काढलं तर तुमची विहीर जाईल." बराच वेळ विचार करून त्यांनी तोड काढली. पुढच्या आठवड्यात ते स्वतः मडक्यातून अळ्या खाणारे बारीक मासे घेऊन आले, पाण्यात सोडले आणि 'कार्यवाही पूर्ण' असं लिहून गेले. नंतर ते त्या बाजूला आले की मुद्दाम वाट वाकडी करून मासे पाहून जात.

यानंतरचं सांगायला मला जड जातं, पण ते गाळलं तर बाकीचं खोटं ठरेल.

एका वर्षी पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. ज्वारी वितभर वाढून करपली, कपाशीची पऱ्हाटी वाळली. लवण आटलं आणि तळाचा चिखल उघडा पडला, काळाभोर, भेगाळलेला, आत अजून ओल धरून. साऱ्या शिवारात ओल होती ती तेवढीच. गुलाबराव अकोल्याला प्रयोगशाळेत आले. आजवर कधी आले नव्हते. स्टुलावर बसले, फडक्यात बांधलेलं ढेकूळ टेबलावर ठेवलं.

"बाई, नांगरू का? हरभरा पेरतो."

नवे साहेब रजेवर होते, परवानगी माझ्या हातात होती. मी त्यांना समजावलं. नांगरलं की चिखलात हवा शिरेल, इतक्या वर्षांत साठलेला कार्बन भराभर जळून जाईल, पुन्हा साठायला तितकीच वर्षं लागतील.

"ते तुमचं तुमी पाहा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मी खायचं इचारून राहिलो."

मी त्यांना बसवून ठेवलं आणि बाटल्या पुसत राहिले. माझी सगळी उमेदीची वर्षं त्या चिखलात होती. तसं काम देशात आणखी कुठं चाललं होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. मग मी परवानगी लिहून दिली. एक अट घातली, उत्तरेचा एक कोपरा सोडायचा, तेवढा तरी प्रयोग जिवंत राहील. ते म्हणाले, "सोडतो."

हरभरा घाट्यांवर आला तेव्हा मी गेले. आसपास सगळं भकास, आणि मध्ये ते हिरवंगार. गावातल्या बायका, माणसं, पलीकडच्या गावचेही लोक वेचायला आले होते. मी आधी उत्तरेचा कोपरा गाठला. तिथंही हरभरा.

"गुलाबराव, कोपरा सोडायचा ठरलं होतं."

"सोडला होता," ते म्हणाले. "मंग पाह्यलं, तिथं ओल जास्त होती."

मी रागावले. बरंच बोलले, सरकारी भाषेत बोलले, करार वगैरे. ते मान खाली घालून ऐकत राहिले, पण पश्चात्ताप झाल्यासारखे दिसत नव्हते. वत्सलाबाईंनी काट्याकुट्यांची आगटी करून ओल्या हरभऱ्याचा हुळा भाजला होता. त्यांनी माझ्या ओंजळीत गरम घाटे घातले. माझं बोलणं चालू होतं आणि मी खातही होते, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी बोलणं थांबवलं.

शेवटचा नमुना घेऊन मी चंबूत घातला. आकडा जवळजवळ जिथून निघाला होता तिथं परत आला होता. वरून विचारणा आली, प्रयोगक्षेत्राची सद्यःस्थिती काय? मी लिहिलं, 'गावाने खाल्ले.' नव्या साहेबांनी ते खोडून 'नैसर्गिक आपत्तीमुळे बंद' असं केलं, आणि ते सरकारच्या दृष्टीनं अधिक शोभून दिसलं.

आजकाल वर्तमानपत्रांत कार्बनवर रोज काहीतरी असतं. समुद्राकाठच्या दलदली पुन्हा उभ्या करतात, किती साठला, किती गेला ते मोठाल्या यंत्रांनी मोजतात. वाचून बरं वाटतं, थोडी असूयाही वाटते. त्यांच्या हिशेबात, दुष्काळात कोणी येऊन 'नांगरू का' विचारलं तर काय, याचा रकाना असतो की नाही ते मला माहीत नाही.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. मी काही कामानं भातकुलीला गेले होते, तशीच गावात गेले. चराच्या तोंडाशी नवा मातीचा बांध होता. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी फेटा बांधला नव्हता. गुलाबरावांनी आपल्याच मनानं तो घालून पाणी अडवलं होतं. ते बांधावर बसले होते. माझ्या रिकाम्या हातांकडे त्यांनी पाहिलं.

"मोजनं बंद झालं मनता," ते म्हणाले. "मंग आज काहून आल्या?"

"पाहायला," मी म्हटलं.

"पाहा मंग," ते म्हणाले, आणि बांधावर माझ्यासाठी जागा करून सरकून बसले.